बायबल फारोच्या हातात का सोडायचे?



चळवळीत फिरताना आम्हाला दोन प्रकारची माणसे वारंवार भेटतात. पहिला आपलाच तरुण कार्यकर्ता. बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, आपण बुद्धाचा धम्म स्वीकारला, मग बायबलशी आपले काय देणेघेणे, असे तो विचारतो. दुसरा वस्तीत प्रार्थनासभा घेणारा पास्टर. त्याला विचारा की बाबा, तुझ्या सभेत बसणाऱ्या बाया अत्याचाराच्या विरोधात मोर्चाला निघाल्या, तू का नाही आलास? तो लगेच रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय काढतो. सत्ताधीश देवाने नेमलेला असतो, त्याचे ऐकावे, आपण फक्त प्रार्थना करावी.

पहिला पुस्तक उघडतच नाही. दुसरा एकाच पानावर उघडतो आणि बाकीची पाने डिंकाने चिकटवून ठेवतो. दोघांचाही फायदा जुलमी माणसालाच होतो.

आम्ही बौद्ध आहोत. आकाशातून कुणी खाली उतरून आपली सुटका करील यावर आमचा विश्वास नाही आणि या लेखानंतरही बसणार नाही. पण आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी आहोत, आणि बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळण्याआधी वाचली होती. वेद, गीता, कुराण, बायबल, मार्क्स, सगळे वाचून मग त्यांनी निवाडा दिला. न वाचता निवाडा देणे ही पुरोहितांची रीत, आपली नव्हे. शिवाय हे पुस्तक दोनशे-तीनशे वर्षे गुलामांच्या हातात होते. गुलामाने त्यात काय वाचले आणि मालकाने त्यातले काय लपवले, हे आपण नाही तर कुणी बघायचे?

लपवाछपवीपासूनच सुरुवात करू, कारण पुरावा छापील आहे.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश बेटांवर, म्हणजे जमैका-बार्बाडोससारख्या ठिकाणी ऊसमळ्यांत राबणाऱ्या काळ्या गुलामांसाठी निवडलेले भाग, अशी त्याची जाहीर ओळख होती. प्रोटेस्टंटांच्या पूर्ण बायबलात ११८९ अध्याय असतात. या पुस्तकात होते २३२. जुन्या कराराचा सुमारे नऊ दशांश भाग गायब, नव्या कराराचा जवळजवळ अर्धा गायब. ठेवले काय? इजिप्तमध्ये विकला गेलेला योसेफ, जो इमानेइतबारे धन्याची चाकरी करतो आणि मोठ्या पदाला पोचतो. दासांनी धन्यांची आज्ञा पाळावी हे इफिसकरांस पत्रातले वचनही ठेवले. काढले काय? मोशे फारोच्या दरबारात जाऊन माझे लोक सोड म्हणतो आणि गुलामांची अख्खी जमात इजिप्त सोडून चालू लागते, तो भाग. शेजाऱ्याला फुकट राबवून स्वतःचा वाडा बांधणाऱ्या राजावर यिर्मया तुटून पडतो, तो भाग. दास आणि स्वतंत्र हा भेदच उरला नाही असे पौल गलतीकरांना लिहितो, तो भाग.

तीनच वर्षांपूर्वी, १८०४ मध्ये, हैतीच्या गुलामांनी फ्रेंच मालकांना हाकलून स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र उभे केले होते. शेजारच्या बेटांवरच्या मळेवाल्यांची झोप उडालेली होती. अशा वेळी निर्गमाचे पुस्तक गुलामाच्या हातात देणे म्हणजे कोठारात जळती काडी टाकणे. हे त्या मिशनऱ्यांना बरोबर कळले होते. मित्रांनो, शत्रूची कात्री जिथे फिरते तिथे आपल्या कामाचे काहीतरी असते, एवढी साधी गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

आपल्याकडे हे काम जास्त स्वस्तात झाले. वेद शूद्राच्या कानावर पडला तर त्याच्या कानात शिसे-लाख ओतावी, अशी आज्ञा गौतम धर्मसूत्रात आहे. तिकडे पुस्तक कापले, इकडे कानच बंद केले.

पण कापाकापी करूनही गुलामांना कळायचे ते कळले. लिहा-वाचायला बंदी होती, तरी कानोकान गोष्टी पसरल्या. १८२२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात डेन्मार्क व्हेसी या सुताराने गुलामांच्या उठावाची आखणी केली. तो तिथल्या आफ्रिकन चर्चचा माणूस होता आणि निर्गमाच्या गोष्टी लोकांना ऐकवायचा. कट फुटला, व्हेसी आणि त्याचे साथीदार फासावर गेले, चर्चही पाडून टाकले. पुढे हॅरिएट टबमन गुलामांना रात्री-बेरात्री उत्तरेकडे काढून न्यायची, तिला लोक मोशेच म्हणत. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः पळून आलेला गुलाम. त्याने १८४५ मध्ये आपले आत्मचरित्र छापले आणि शेवटी बजावले की ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि चाबूक हातात घेऊन रविवारी उपदेश करणाऱ्यांचा धर्म वेगळा. पहिल्यावर प्रेम करायचे तर दुसऱ्याचा तिरस्कार करणे भाग आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती कुणाला अर्पण केली? काळ्या लोकांना दास्यातून मोकळे करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच पुस्तकात जोतीराव येशूला बळीराजाच्या ओळीत नेऊन बसवतात, दुसरा बळी म्हणून. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांचे जे घ्यायचे ते घेतले, आणि वामनाने पाताळात गाडलेल्या राजाशी क्रुसावर ठोकलेल्या सुताराचे नाते जोडून मोकळे झाले. परक्या पुस्तकाकडे कसे बघावे याचा धडा आम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

आता पुस्तक उघडू. जुलमी राजापुढे कसे उभे राहावे?

निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात दोन बाया आहेत. शिफ्रा आणि पुवा. दोघी सुइणी. गुलामांची संख्या वाढतेय म्हणून राजा घाबरतो आणि या दोघींना हुकूम देतो की इब्री बाईला मुलगा झाला की तिथेच मारून टाका. दोघी मारत नाहीत. राजा बोलावून जाब विचारतो, तेव्हा त्या तोंडावर सरळ खोटे सांगतात: या बाया फार धडधाकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात! मोशे अजून जन्मलेलाही नाही. लढ्याची सुरुवात दोन सुइणींच्या नकाराने होते. आपल्या गावगाड्यातही अनेक ठिकाणी सुईणपण मांग-महार बायांच्या वाट्याला होते; वरच्या आळीतली पोरे त्यांच्या हातांनी जन्मली आणि मोठी झाल्यावर त्याच हातांचा विटाळ मानू लागली. या गोष्टीत आणखी एक मजा आहे. राजाचे नाव लिहिणाऱ्याने दिलेच नाही, नुसते फारो, म्हणजे हुद्दा. सुइणींची नावे मात्र दोन्ही दिली. जयंत्यांच्या फलकांवर आमदारांचे फोटो मोठे आणि काम करणाऱ्या भगिनींची नावे गायब असतात, तेव्हा आम्हाला शिफ्रा-पुवा आठवतात.

दुसरी गोष्ट नाबोथाची. पहिले राजे, अध्याय २१. ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवी, कारण ती जणू कालची आहे.

अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा असतो. राजाला तिथे भाजीपाला लावायचा असतो. तो नाबोथाला म्हणतो, मळा दे, बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. म्हणजे मोबदला देऊ केलेला आहे हां, नुकसानभरपाईचा कायदा पाळलेला आहे! नाबोथ नाही म्हणतो. वाडवडिलांची जमीन आहे, विकायची नाही. राजा रुसून बसतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने, राजाची मोहोर लावून नगरातल्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिते. उपासाचा दिवस जाहीर होतो, सभा भरते. दोन हलकट साक्षीदार उभे राहून सांगतात की नाबोथाने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. धर्मनिंदा आणि राजद्रोह एकाच आरोपपत्रात. नाबोथाला नगराबाहेर नेऊन दगडांनी ठेचतात. कायद्याची प्रक्रिया पूर्ण होते. राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघतो.

सगळे दोष ईजबेलीवर ढकलायची जुनी पद्धत आहे, बाई आणि तीही परदेशी. आम्हाला त्या नगरातले वडीलधारे जास्त दिसतात. त्यांना नाबोथ माहीत होता. साक्षीदार खोटे आहेत हेही माहीत होते. पत्र आले, मोहोर बघितली, आणि काम करून टाकले. गावातली पोलीस पाटील, सरपंच, तलाठी ही साखळी अशीच चालते. कुणीच खुनी नसतो, सगळ्यांनी फक्त सही केलेली असते.

आणि एलीया कुठे भेटतो राजाला? मंदिरात नव्हे, दरबारातही नव्हे. त्याच मळ्यात, जिथे राजा मोजणी करायला आलेला आहे. खूनही केलास आणि वारसही तूच झालास का, असा त्याच्या बोलण्याचा रोख. गुन्ह्याच्या जागेवर जाऊन, गुन्हेगाराचे नाव घेऊन, गुन्हा मोठ्याने सांगायचा. जुलमी माणसाशी कसे बोलावे याचे इतके थोडक्यात मार्गदर्शन दुसरीकडे क्वचित मिळेल. मोघम शांततेचे आवाहन नाही, दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्यावे अशी भाषा नाही.

नाबोथाचे नाव घेतले की आम्हाला फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि विनाखटला तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी काम करणारे जेसुइट धर्मगुरू. भीमा कोरेगावच्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीतून अटक झाली आणि तळोजाच्या तुरुंगात आणले. वय ८३, अंगात पार्किन्सन, हात इतके थरथरायचे की पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागावा लागला आणि तेवढ्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच, मुंबईतल्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या होत्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. तपासयंत्रणेला तो मान्य नाही. पण दोन साक्षीदारांची जुनी गोष्ट माहीत असलेल्याने निदान प्रश्न तरी विचारावा. ज्या भीमा कोरेगावला आपण दरवर्षी १ जानेवारीला मानवंदना द्यायला जातो, त्या नावाच्या खटल्यात एक ख्रिस्ती धर्मगुरू मेला. आपला काय संबंध, असे विचारणाऱ्या तरुणाला आमचे हे उत्तर आहे.

आमोसाबद्दल थोडक्यात. मेंढरे राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस, पुरोहिताच्या घरातला नव्हे. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्या, मापात पाप करणाऱ्या व्यापाऱ्यांवर आणि श्रीमंतांवर तो बोलतो. मग बेथेलचा पुरोहित अमस्या राजाकडे चुगली करतो आणि आमोसाला सुनावतो: चालता हो, तिकडे यहूदात जाऊन पोट भर, हे राजाचे देवस्थान आहे. पाकिस्तानात जा म्हणणाऱ्यांचा हा मूळपुरुष! आणि मंदिर देवाचे नसून राजाचे आहे ही कबुली खुद्द पुजाऱ्याच्या तोंडून निघते.

हे झाले जुलमी माणसाशी बोलण्याचे. पीडिताशी कसे बोलायचे? आमच्या मते इथे हे पुस्तक आपल्या जास्त कामाचे आहे, कारण इथे ते थेट कर्मसिद्धांताच्या मुळावर येते.

ईयोबाची गोष्ट घ्या. भला माणूस, एका झटक्यात गुरेढोरे गेली, पोरेबाळे मेली, अंगभर फोड आले. राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. तीन मित्र भेटायला येतात: एलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. इथपर्यंत त्यांचे सगळे बरोबर असते. मग ते तोंड उघडतात. तू काहीतरी पाप केले असशील. नाही आठवत? आठवून बघ. तुझ्या मुलांनी केले असेल. निष्पाप माणसावर असे संकट कधी येते का? पानेच्या पाने हेच चालते. ईयोब ऐकून घेत नाही. माझा गुन्हा दाखवा, नाहीतर गप्प बसा, असे तो मित्रांनाही सांगतो आणि देवालाही ठणकावतो. शेवटी देव कुणावर रागावतो? भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, धर्माची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या तिघांवर.

आता २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी आठवा. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरेखाताई, प्रियंका, रोशन, सुधीर. आणि त्यानंतर पहिली कुजबूज कसली सुरू झाली? बाईच्या चारित्र्याची. काहीतरी केले असेल त्याशिवाय का गाव असे उठेल, ही भाषा. एलीफज-बिल्दद-सोफर या देशात प्रत्येक अत्याचारानंतर हजर असतात. कधी ते गावकरी असतात, कधी पत्रकार, कधी तपास अधिकारी. मागच्या जन्माचे पाप शोधणारा भटजी आणि या जन्मातले चारित्र्य शोधणारा अधिकारी, दोघांचा धंदा एकच आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य येशूला विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही नाकारतो. एवढे बहुतेकांना माहीत असते. पुढचे पास्टर सांगत नाहीत. तो आंधळा बरा झाल्यावर सभास्थानाचे पुढारी त्याला बोलावून उलटतपासणी घेतात, आणि तो उलट उत्तरे देऊ लागल्यावर म्हणतात, तू जन्मतःच पापात बुडालेला, तू आम्हाला शिकवतोस? आणि त्याला हाकलून लावतात. म्हणजे बहिष्कृत करतात. हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, बाबासाहेबांच्या पाक्षिकाचे नावच 'बहिष्कृत भारत' होते.

तेव्हा अत्याचारग्रस्त घरी गेल्यावर करायचे काय, हे ईयोबाच्या मित्रांच्या पहिल्या सात दिवसांवरून शिकावे. जमिनीवर बसा. कॅमेरा खिशात ठेवा. भाषण नंतर करा. आणि तोंड उघडाल तेव्हा एफआयआर, पंचनामा आणि ॲट्रॉसिटीच्या कलमांबद्दल उघडा, नशिबाबद्दल नको.

आता कुणी ख्रिस्ती मित्र खुश होऊन म्हणेल, बघा, मग बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का नाही घेतला? त्यांनी कारण लिहून ठेवले आहे, वाचा. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरच्या त्यांच्या लिखाणात मुद्दा स्पष्ट आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला चर्च सांगते की तुझ्या दुःखाचे मूळ आदिपाप. मग तो आपल्याला अस्पृश्य करणाऱ्या समाजरचनेशी भांडेल कशाला? तो पापक्षमा मागत बसेल. ईयोबाच्या पुस्तकाने ज्या मित्रांना खोटे ठरवले त्यांचीच शिकवण भारतातल्या चर्चने व्यासपीठावरून दिली, असा याचा अर्थ होतो. १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलतानाही बाबासाहेबांनी तोंडावर सुनावले होते की दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जात पाळली जाते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांबद्दल आदर ठेवूनच त्यांनी हे सुनावले.

रोमकर १३ चे काय? तेही निकालात काढू. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारचे समर्थन करणारे डच रिफॉर्म्ड चर्च बायबलच्याच आधारे गोऱ्या-काळ्यांचे वेगळे राहणे योग्य ठरवत होते. सरकारला रोमकर १३ फार आवडायचे. १९८५ मध्ये, आणीबाणी लागलेली असताना, तिथल्या काळ्या-गोऱ्या धर्मपंडितांनी मिळून कैरोस दस्तऐवज काढला. त्यात त्यांनी दोन गोष्टींचे वाभाडे काढले. एक, सत्तेला देवाचा शिक्का मारणारे सरकारी धर्मशास्त्र. दुसरे, न्यायाआधी समेट मागणारे, जखमेवर फुंकर घालून गप्प बसवणारे चर्चचे धर्मशास्त्र. रोमकर १३ लिहिणारा पौल स्वतः किती वेळा तुरुंगात गेला ते त्या पास्टरला विचारा. आणि रोमकर १३ वाचलेत, आता प्रकटीकरण १३ वाचा म्हणावे. तिथे तीच रोमची सत्ता समुद्रातून वर येणारे श्वापद होते.

१९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी पत्र लिहिले ते कुणाला? गव्हर्नरला नव्हे. जरा सबुरीने घ्या म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना. नबुखद्नेस्सराच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देणारे तीन तरुण त्यांनी दाखला म्हणून दिले. आणि ३ एप्रिल १९६८ ला ते मेम्फिसमध्ये कशासाठी होते? सफाई कामगारांच्या संपासाठी. कचरागाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, त्यातून तो संप पेटला होता. त्या रात्री किंग यांनी डोंगरावरून दूरची भूमी बघणाऱ्या मोशेची आठवण काढली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. गटारात गुदमरून मरणाऱ्या आपल्या भावांच्या वस्तीत ही गोष्ट कुणी सांगत नाही.

मात्र आम्ही या पुस्तकाचे वकील नाही. मोशेचे लोक इजिप्तमधून सुटले, पुढे यहोशवाच्या पुस्तकात ते कनानात शिरतात आणि तिथल्या मूळ रहिवाशांची कत्तल करतात, देवाच्या हुकमाने. रॉबर्ट ॲलन वॉरियर या अमेरिकेच्या मूलनिवासी लेखकाने १९८९ मध्ये नेमके यावर बोट ठेवले: मुक्तीची ही गोष्ट वाचताना आम्हाला इस्राएली नव्हे, कनानी आठवतात, कारण गोऱ्यांनी आमच्या जमिनीत हीच गोष्ट वाचत पाय ठेवला. गुलामी बंद करा असा सरळ हुकूमही बायबलात शोधून सापडत नाही. केरळच्या पोयकयिल योहन्नान यांना तर हे पुस्तकच परके वाटले. दलित म्हणून जन्मलेले, ख्रिस्ती उपदेशक झालेले. चर्चमध्येही सिरियन ख्रिस्त्यांची पंगत वेगळी आणि आपली वेगळी हे बघून ते बाहेर पडले, या पुस्तकात माझ्या लोकांबद्दल एक अक्षर नाही म्हणाले, त्यांनी बायबल जाळल्याचेही सांगितले जाते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रत्यक्ष रक्षा दैव सभा उभी केली. महाडच्या २५ डिसेंबर १९२७ च्या किती आधीची ही गोष्ट! कालामांना बुद्धाने सांगितले ते हेच होते: ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून बघा. आम्ही बायबल याच कसोटीवर वाचतो. नाबोथ घेतो, यहोशवा सोडतो.

आता सगळ्यात कडू भाग. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची आणि सवर्णांची थडगी वेगळी ठेवायला मधे भिंत आहे. मेल्यावरही भिंत! भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये धोरण जाहीर करून चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे मान्य केले. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. म्हणजे चर्चमध्ये जात आहे हे खुद्द चर्च कबूल करते. सरकार मात्र म्हणते, ख्रिस्ती झालात म्हणजे तुम्ही अनुसूचित जातीचे उरला नाहीत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद असे म्हणतो. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायची शिफारस केली. ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

आणि आपल्यातले काही जण, निळा फेटा बांधून, यांना अनुसूचित जातीत घेऊ नका म्हणून निवेदने देतात! कोटा वाटला जाईल म्हणून. १९५६ ते १९९० ही ३४ वर्षे केंद्राच्या दारात नवबौद्धांना काय ऐकावे लागले? धर्म बदलला ना, मग सवलत कसली. तेच वाक्य आज आपण दुसऱ्याला ऐकवायचे?

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो काय करतो बघा. गुलामांनी सुटी मागितली म्हणून तो विटांसाठी लागणारा पेंढा बंद करतो. विटांची संख्या मात्र तेवढीच. गुलाम देशभर पांगतात, काडी-काडी गोळा करत फिरतात. चाबूक त्यांच्याच मुकादमांच्या पाठीवर पडतो आणि ते मुकादम मोशेलाच शिव्या घालतात की तुझ्यामुळे हे झाले. सरकारी भरती कंत्राटदारांकडे जाते, सार्वजनिक कंपन्या विकल्या जातात, मागास जागांचा अनुशेष भरला जात नाही, तो पेंढा कुणी बंद केला? पुण्यातल्या नवबौद्धाने आणि अहिल्यानगरच्या ख्रिस्ती मांगाने उरलेल्या काड्यांसाठी एकमेकांची डोकी फोडायची, आणि विटा मोजणाऱ्याने वाड्यातून बघत राहायचे?

तिसरा परिच्छेद रद्द झाला पाहिजे आणि लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात कोटा वाढला पाहिजे, या दोन्ही मागण्या आम्ही एकाच निवेदनात लिहितो. त्या निवेदनावर सही मागायला आम्ही बुद्धविहारात जातो, तसेच चर्चमध्येही जातो. तिथल्या पास्टरला आमचे एवढेच सांगणे असते की सहीच्या आधी तुमच्या दफनभूमीत कुणाची थडगी कुठे आहेत ते आम्हाला दाखवा.